काकूंची मूठ आणि बाथरूमची कडी: संधिवाताचा एक प्रकरण अभ्यास

काकू माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या फाइलमध्ये सगळं छान लिहिलेलं होतं. चार महिन्यांपूर्वी ईएसआर, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी, ७४ होता, तो २८ वर आला होता. सुजलेले सांधे चौदावरून पाचावर. संधिवाताच्या डॉक्टरांनी खाली ‘प्रतिसाद चांगला, औषधं तीच चालू’ असा शेरा मारला होता. फाइल घेऊन काका पुढे, काकू मागे, दोन्ही हातांवर पदर ओढून घेतलेला. खुर्चीत टेकता टेकताच काका म्हणाले, “मॅडम, रिपोर्ट सुधारले, ही काही सुधारेना.” काकू काहीच बोलल्या नाहीत.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. मराठीत याला ‘व्यवसायोपचार’ असा भारदस्त शब्द आहे आणि त्यामुळे निम्म्या लोकांना वाटतं की मी कुठेतरी चिकटवून देते. या शाखेचं आपल्याकडचं शिक्षण सुरू झालं ते परळच्या केईएम रुग्णालयात, १९५० मध्ये. अमेरिकेत जन्मलेल्या आणि निंबकरांच्या घरात सून म्हणून आलेल्या कमलाबाई निंबकरांनी ते सुरू केलं. इतकी वर्षं झाली तरी “म्हणजे फिजिओच ना?” हा प्रश्न काही सुटत नाही. फिजिओ सांधा किती वळतो ते बघतात, आणि तेवढ्या वळणाऱ्या हाताने चहा गाळता येतो का ते मी बघते. ढोबळ फरक आहे, पण चालेल. काकूंना विचारून लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काकू ५२ वर्षांच्या. डोंबिवली पूर्वेला, लिफ्ट नसलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर घर. काका एमआयडीसीतल्या कारखान्यातून निवृत्त झालेले, मुलगा पुण्याला. चौदा वर्षं घरातूनच पोळी-भाजीचा व्यवसाय. सकाळी दीडशे पोळ्या, संध्याकाळी नव्वद. सकाळची गाडी पकडणाऱ्यांचे डबे त्यांच्या हातून जायचे, त्यामुळे पहाटे साडेचारला कणीक भिजलेली असायची.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात सकाळी मूठ वळेनाशी झाली. चौदा वर्षं कणीक तिंबणाऱ्या बाईला मूठ वळेना, तर ती काय समजणार? कामाने हात झिजले, असंच. शेजारणींनाही तेच वाटलं, काकांनाही. बाम झाला, शेक झाला, मेडिकलमधून सांगून आणलेली गोळी झाली, जवळच्या एका दवाखान्यात इंजेक्शनं झाली. इंजेक्शन घेतलं की दोन दिवस स्वर्ग, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असे आठ महिने गेले.

या आठ महिन्यांत एक गोष्ट कुणी विचारली असती तर उलगडा झाला असता. झिजलेला सांधा कामानंतर ठणकतो आणि आराम केला की निवतो. काकूंचं नेमकं उलट होतं. रात्रभर झोपून उठल्या की हात सगळ्यात जास्त आखडलेले, आणि दोन-अडीच तास काम रेटल्यावर जरा मोकळे. दोन्ही हातांना सारखंच. मनगटं आणि बोटांची मुळं सुजलेली, नखांजवळची शेवटची पेरं मात्र ठीक. रूमॅटॉइड आर्थ्रायटिसचं हे पुस्तकी चित्र आहे. यात शरीराची प्रतिकारयंत्रणाच सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते. हात जास्त वापरल्याने हा आजार होत नाही, आणि नुसता आराम केल्याने जातही नाही. बायकांमध्ये तो पुरुषांपेक्षा दोन-तीन पट आढळतो.

तसा तो फार सार्वत्रिकही नाही. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटाने १९९६ मध्ये भिगवण गावात घरोघर पाहणी केली होती. चार हजारांवर प्रौढांपैकी जवळजवळ १८ टक्के लोकांना सांध्यांची किंवा स्नायूंची दुखणी होती, पण रूमॅटॉइड निघाला तो अर्ध्या टक्क्याच्या आसपास. म्हणजे सांधे दुखतात म्हणून येणाऱ्या पुष्कळ माणसांत असा एखादाच. घाईच्या दवाखान्यात तो निसटतो तो असा. काकूंची अंगठी बोटात रुतली आणि सोनाराकडून कापून घ्यावी लागली, तेव्हा कुठे त्या संधिवाततज्ज्ञांकडे पोचल्या. तिथे उपचार व्यवस्थित झाले. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, सोबत फॉलिक अॅसिड, रोजची हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन, आणि सुरुवातीचे काही आठवडे थोडं स्टेरॉइड, हळूहळू कमी करत. मेथोट्रेक्सेटचा गुण दिसायला दीड ते तीन महिने जातात. तो दिसला. फाइल खोटं सांगत नव्हती.

मी नेहमीचा प्रश्न विचारला, दुखणं दहापैकी किती? काकू म्हणाल्या, “चार असेल.” चार म्हणजे बरा आकडा. मग मी फाइल मिटली आणि म्हटलं, काल सकाळी डोळे उघडल्यापासून सांगा.

त्या म्हणाल्या, जाग साडेचारला येते, सवयच तशी, पण उठत नाही. उठून करायचं काय? सहापर्यंत पडून राहायचं. पलंगावरून उठताना तळहात टेकवत नाही, मनगटं दुखतात, म्हणून कोपरावर येऊन उठायचं. पेस्ट काका काढून ठेवतात. गॅस पेटवायला लायटर दाबायचा म्हणजे अंगठा, तो जमत नाही, म्हणून दोन्ही तळहातांच्या मध्ये लायटर धरून पोटाशी दाबायचा. मग चहा. चहाचं पातेलं सांडशीने उचलायचं तर सांडशी घट्ट आवळून धरावी लागते. काका उठलेले असले तर ते गाळतात. नसले तर काकू चहा जरा निवू देतात आणि पळीने काढून गाळणीत ओततात. “नऊ पळ्या होतात दोन कप.”

“मोजल्यात?”

“रोज तेच करतेय, मोजल्या जातातच.”

पुढचा अर्धा तास मी फक्त लिहून घेत होते. कुकरचं झाकण. दुधाच्या पिशवीचा कोपरा, जो दाताने फाडावा लागतो. स्टीलचा तांब्या, जो ओल्या हातातून निसटतो. टर्किशचा टॉवेल, जो पिळताच येत नाही. बांगड्या सुजेवरून चढत नाहीत म्हणून डबीत. न्हाणीघरातला गोल चकतीचा नळ, जो काका घट्ट बंद करतात आणि मग काकूंना उघडत नाही. यावरून घरात तीनदा भांडण झालेलं. काका मध्येच म्हणाले, “पण गळतो ना तो.” त्यांचंही खरंच होतं.

यातलं एकही वाक्य ‘दहापैकी चार’मध्ये नव्हतं. काकूंनी पातेलं उचलणं, पिळणं, तळहात टेकवणं सगळं सोडून दिलं होतं, म्हणून दुखणं चार होतं. जे करायचंच नाही ते दुखणार कुठून?

असं मोजमाप करायला प्रश्नावल्या आहेत. अमेरिकेत स्टॅनफर्डला १९८० च्या सुमारास तयार झालेली ‘हॅक’ नावाची प्रश्नावली जगभर वापरतात. तिच्यात दुधाचा नवा पुठ्ठ्याचा डबा उघडता येतो का, टबमध्ये आंघोळ करता येते का, व्हॅक्यूम क्लीनर फिरवता येतो का, असे प्रश्न आहेत. डोंबिवलीतल्या बाईला हे विचारून करायचं काय? म्हणून दिल्लीच्या डॉक्टरांनी २००२ मध्ये तिचं बारा प्रश्नांचं भारतीय रूप केलं. त्यात साडी किंवा धोतर नेसणं आहे, उकिडवं किंवा मांडी घालून बसणं आहे, रिक्षात चढणं-उतरणं आहे, भाजीबाजार आहे. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण. शून्य म्हणजे सहज जमतं, तीन म्हणजे अजिबात नाही. काकूंची बेरीज अठरा झाली, बाराने भागून दीड. म्हणजे रक्त बरं सांगत होतं तेव्हाही त्या रोजच्या साध्या कामांत बऱ्यापैकी अडलेल्या होत्या. पोळी लाटता येते का, हे मात्र या बारांतही नाही.

म्हणून मी आणखी एक करते. रुग्णालाच पाच कामं निवडायला सांगते, जी जमायला हवीत असं त्याला स्वतःला वाटतं, आणि प्रत्येक कामाला दोनदा दहापैकी गुण द्यायला लावते, एकदा ‘किती जमतं’ याला आणि एकदा ‘त्यावर समाधान किती’ याला. मला खात्री होती की पहिलं नाव पोळीचं येणार. काकूंनी पहिलं सांगितलं ते ब्लाउजचे हूक. जमतं दोन, समाधान एक.

रोज काका हूक लावून देतात. न कुरकुरता देतात. पण घरी पाहुणे असले, नणंद राहायला आली, की काकांना आत बोलावून दार लोटायचं आणि बाहेर सगळे हॉलमध्ये बसलेले. “काय वाटत असेल हो त्यांना?” काकूंनी हे माझ्याकडे न बघता विचारलं. मी उत्तर दिलं नाही, त्यांनाही नको होतं.

कडीची गोष्ट कळली ती तिसऱ्या भेटीत, आणि तीही मी हुशार म्हणून नाही. फाइलमध्ये लघवीचे दोन रिपोर्ट होते, तीन महिन्यांत दोनदा जंतुसंसर्ग. मी सहज विचारलं, पाणी किती पिता? दोन पेले, म्हणाल्या. मला वाटलं जेवताना. तर दिवसभरात दोन पेले. काकू काकांकडे बघायला लागल्या, तेव्हा मी काकांना केसपेपरवर शिक्का मारून आणायला पाठवलं. शिक्क्याची गरज नव्हती.

गणपतीत घरी पाहुणे होते. काकू बाथरूममध्ये गेल्या, आतून कडी लावली. सरकती लोखंडी कडी, बारीक मूठ, पावसाने फुगलेलं दार. लावताना लागली, काढताना सरकेना. चिमटीत धरून ओढायला बोटांत ताकद नाही. बाहेर पंधरा माणसं, आरतीची तयारी चाललेली. हाक मारावी तर सगळे धावणार. वीस मिनिटं त्या आत उभ्या होत्या. शेवटी साबणाची डबी घेऊन कडीच्या मुठीवर ठोकत ठोकत ती सरकवली. बाहेर आल्यावर कुणीतरी विचारलं, “इतका वेळ?” तर म्हणाल्या, पोट बिघडलंय.

त्या दिवसापासून त्यांनी कुठल्याही बाथरूमला आतून कडी लावली नाही. घरी असल्या की भरलेली बादली दाराला टेकवून ठेवायच्या. दुसऱ्याच्या घरी बादली कशी ठेवणार? म्हणून दुसऱ्याच्या घरी जायचंच नाही. भिशी सुटली. चिपळूणला माहेरी जाणं दोनदा टळलं, भावाला सांगितलं की पाय दुखतात. घरी कुणी येणार असलं की सकाळपासून पाणी बंद. माझ्या ओपीडीत येतानासुद्धा पाणी न पिता आल्या होत्या. मेथोट्रेक्सेट शरीराबाहेर जातं ते मुख्यतः मूत्रपिंडांतून. त्या औषधावर असलेल्या माणसाने पाणी तोडणं ही काळजीचीच गोष्ट. हे मी त्यांना सांगितलं आणि डॉक्टरांनाही फोन करून कळवलं.

जागतिक आरोग्य संघटनेची २००१ ची एक वर्गवारी आहे. त्यात शरीरातला बिघाड, कामं करण्यातली अडचण आणि चारचौघांतला वावर असे वेगवेगळे कप्पे आहेत, आणि या सगळ्यांवर परिणाम करणारा परिसराचा आणखी एक कप्पा. कॉलेजात हे पाठ केलेलं असतं. काकूंच्या बाबतीत परिसराच्या कप्प्यात एक कडी होती, आणि तिने माहेर, भिशी, नणंद, पाणी सगळं अडवलं होतं. औषधाची मात्रा वाढवून ती सरकली नसती.

मग पुढे काय केलं, तर बरंचसं सुताराचं, प्लंबरचं आणि शिंप्याचं काम. कडी बदलली. लांब दांडीची, वरून खाली पाडायची, तळहाताने किंवा कोपरानेही उघडेल अशी. सुताराची मजुरी धरून पाचशेच्या आत. मी आयुष्यात याहून स्वस्त उपचार केलेला नाही. गोल चकतीच्या नळाजागी पाव फेऱ्यात उघडणारा लांब दांड्याचा नळ बसला, तो गळायचाही थांबला आणि भांडणही मिटलं. तांब्या गेला, दोन बोटं आत जातील अशा कानाचा मग आला. टॉवेलच्या जागी पंचा. पिळायचा नाही, नळाभोवती गुंडाळून दोन्ही टोकं तळहातांत धरून दाबायचा. सांडशीला, उलथन्याला, सोलाण्याला एसीच्या पाइपावर चढवतात तो काळा फोम. मूठ जाड झाली की आवळावं कमी लागतं. पातेलं बदललं, दोन कानांचं घेतलं, दोन्ही हातांनी उचलायचं. नऊ पळ्या बंद झाल्या.

हुकांनी मात्र आम्हाला दमवलं. पहिल्यांदा मी वेलक्रो सुचवला, वरून दिसायला हूक तसेच. काकूंनी एकदाच घातला. देवळात वाकल्या तर चर्रर्र आवाज झाला. “सगळ्या बायका बघायला लागल्या.” मग प्रेसची बटणं, पण ती दाबायला अंगठ्याचाच जोर लागतो. शेवटी शिंपीणबाईंनीच तोडगा काढला. पुढे चेन, चेनच्या टोकाला गोफाचा छोटा गोंडा, त्यात बोट अडकवून ओढायचं, वर एकच मोठा हूक दिसण्यापुरता. माझ्या पुस्तकात हे नाही.

रात्री मनगटाला बांधायची प्लास्टिकची पट्टी मी स्वतः गरम पाण्यात मऊ करून त्यांच्या हातावर बसवून दिली होती. फार सुंदर बसली होती. ती दोन आठवडे वापरली गेली आणि मग कपाटात साड्यांच्या खाली गेली. घाम येतो, म्हणाल्या. मेमध्ये डोंबिवलीत येणारच.

मेथोट्रेक्सेटचा दिवस गुरुवार ठरला, कालनिर्णयवर दर गुरुवारी काकांनी लाल गोल केले. या औषधात आठवड्याची गोळी चुकून रोज घेतली जाणं धोक्याचं असतं, म्हणून ती डबी वेगळी, काकांकडे. शुक्रवारी काकूंना गळून गेल्यासारखं व्हायचं, तेव्हा शुक्रवारी काही ठरवायचंच नाही. या थकव्याबद्दल घरात आधी कुजबुज होती. सूज दिसते, थकवा दिसत नाही, आणि ‘आज परत झोपलीस?’ हा प्रश्न प्रेमानेच विचारलेला असला तरी लागतो. मी मुलाला पुण्याला फोन केला आणि सांगितलं की हा थकवा आजाराचाच भाग आहे, आळस नाही. तो जरा वेळ गप्प बसला. आधीचे चार महिने तो आईला “बंद कर आता ते पोळ्यांचं” एवढंच सांगत होता.

पोळ्यांचं काय झालं, हे सगळेच विचारतात. दोनशेचाळीसवरून साठ, मग चार महिने पूर्ण बंद. गिऱ्हाईक थांबत नाही, समोरच्या गल्लीत दुसरं केंद्र निघालं होतं. उघड्या तळव्यांनी लाटणं तसं वाईट नसतं, मूठ आवळावी लागत नाही. हाताला महागात पडतं ते कणीक तिंबणं आणि तव्यावरची पोळी चिमटीने उलटणं. कणीक मळायचं यंत्र घेतलं. उलटायला लांब चिमटा दिला. रोज पंधरा पोळ्यांपर्यंत हात साथ द्यायचा, पुढे नाही. घरच्यापुरत्या पंधरा खूप झाल्या, पण धंदा पंधरा पोळ्यांवर चालत नाही, आणि हे मी त्यांना आडवळणाने सांगत राहिले. त्यांनीच एक दिवस सरळ विचारलं, “परत दीडशे होणार नाहीत ना?” मी नाही म्हटलं. त्या दिवशी त्या लवकर निघाल्या. पुढची भेटही चुकवली.

तीन आठवड्यांनी आल्या तेव्हा दोन बायका कामाला ठेवल्या होत्या. आता कणीक यंत्रात, लाटायला त्या दोघी, आणि काकू ओट्याशी उंच स्टुलावर. पाण्याचा अंदाज, मिठाचा अंदाज, हिशोब, गिऱ्हाइकांचे फोन त्यांच्याकडे. कमाई आधीच्या निम्म्याहून कमी, कारण मजुरी जाते. पोळी जाड येते अशी दोन गिऱ्हाइकांनी तक्रार केली, तर काकूंना आधी राग आला आणि मग, त्यांच्याच शब्दांत, “बरं वाटलं जरा.”

सहा महिन्यांनी बारा प्रश्न पुन्हा विचारले. बेरीज नऊ, म्हणजे पाऊण. हुकांचे गुण दोनवरून सात. उकिडवं बसणं अजूनही जड आहे, घोट्यांत सूज येते, कमोड बसवायचा तर सोसायटीच्या पाइपांचा वाद आहे. बांगड्या अजून डबीतच. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला एका बाईने त्यांच्या बोटांकडे बघत “आता वाकडी होत जाणार, आमच्या काकूंची झाली होती” असं सांगितलं आणि ते वाक्य त्यांना आठवडाभर झोपू देईना. वेळेवर उपचार चालू राहिले तर आज बहुतेकांची बोटं तशी होत नाहीत, हे डॉक्टरांनी सांगितलं, मीही सांगितलं. पटलं असावं. लघवीचा त्रास पुन्हा झाला नाही. पाण्याची बाटली आता पर्समध्ये असते, पाव फेऱ्यात उघडणाऱ्या झाकणाची.

शेवटच्या भेटीत त्या चिपळूणहून परतल्या होत्या. चार दिवस राहिल्या. मी विचारलं, तिकडच्या बाथरूमची कडी कशी होती?

“जुनी, पितळेची. बघितल्या बघितल्या कळलं, ही काही आपल्याला जमायची नाही.”

“मग?”

“वहिनीकडून परकराची नाडी मागितली. दाराच्या मुठीला बांधली, आतल्या खिळ्याला फास अडकवला. येताना काढायला विसरले, तर वहिनीचा फोन आला, राहू दे का म्हणून. तिचीही बोटं दुखतात म्हणे सकाळी. तिला तुमच्याकडे कधी आणू?”

मी म्हटलं, माझ्याकडे नंतर. आधी संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा.